पोटात गोळा आलाय? येऊ दे, पण एवढं करा

मी कुडाळची. गेली बारा-तेरा वर्षं निवेदन करते, जत्रेतले कार्यक्रम, शाळांची गॅदरिंग, गणपतीतल्या डबलबाऱ्या (दोन भजनी बुवांचे सामने), कुणाच्या साठीचा सत्कार, जे येईल ते. त्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांचा पक्का समज आहे की हिला माइकची भीतीच वाटत नाही, आणि मग कुणाच्या पोराचा इंटरव्ह्यू, वायवा, पहिल्यांदा स्टेजवर गाणं असं काही आलं की त्याला माझ्याकडे धाडतात, "जरा भीती घालव गो तेची". आता खरं सांगू का, अजूनही स्टेजच्या पायऱ्या चढताना माझे गुडघे लटपटतात. भीती घालवता येते का ते मला माहीत नाही, मला तरी जमलं नाही. पण तिला बरोबर घेऊन काम नीट करता येतं आणि त्याची एक पद्धत बसते. तीच लिहिते, कारण प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून घसा बसायची वेळ आलीय.

आधी माझी फजिती ऐका. पंधराएक वर्षांपूर्वी मुंबईला एका ऑफिसात इंटरव्ह्यू होता. रात्रीच्या गाडीने जनरल डब्यात अर्धी उभी अर्धी बसून गेले, पहाटे दादरला उतरले, स्टेशनवरच तोंड धुतलं, पोटात अन्नाचा कण नाही आणि वर तीन कप चहा. आत गेल्यावर समोरच्या बाई म्हणाल्या, तुमच्याबद्दल सांगा. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि पुढे जीभच हलेना, तोंडात नुसता कापूस कोंबल्यासारखं, म्हणून परत एकदा गाव सांगितलं. मग बहुतेक तिसऱ्यांदाही सांगितलं असेल. त्यांनी पाणी दिलं, चांगल्या होत्या बाई, पण नोकरी काही मिळाली नाही. खाली लिहिलेल्यातल्या निम्म्या गोष्टी त्या एका सकाळीच मी उलट्या केल्या होत्या.

धडधड म्हणजे बिघाड नव्हे

हे एक डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात, काही महत्त्वाचं किंवा धोक्याचं समोर आलं की त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, त्यामुळे बोटं गार पडतात, पचन मंदावतं म्हणून पोटात कालवाकालव, लाळ कमी होते म्हणून तोंडाला कोरड. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमाराला हे सगळं मांडलं, लढा नाहीतर पळा अशी ती तयारी. वाटेत फुरसं दिसलं तर हीच तयारी कामाला येते. शरीराला बिचाऱ्याला कळत नाही की समोर फुरसं नाहीये, टेबलापलीकडे बसलेले तीन साहेब आहेत.

आणि ही तयारी अगदीच नको असं पण नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग केले होते, त्यातून निघालेली गोष्ट आजही शिकवतात की ताण फार कमी असला तरी काम ढिलं होतं आणि फार झाला तरी बिघडतं, मधे कुठेतरी बरं जमतं, आणि काम जितकं किचकट तितका ताण कमी लागतो. म्हणजे कबड्डीच्या मॅचला चढलेलं रक्त चालतं, पण अकाउंटचा पेपर सोडवताना तेवढंच चढलं तर बेरीज चुकणार.

आमच्याकडचा दशावतारी नाटकांतला एक म्हातारा नट, आयुष्यभर राजपार्टी म्हणजे राजाची कामं केलेला माणूस, एकदा रंग लावता लावता मला म्हणाला होता, "छातीत धडधडता हा ता बरा. ज्या दिवशी धडधडुचा नाय त्या दिवशी खेळ पडतलो." आता दशावतारात लिहिलेली संहिता हातात नसते, कथा ठरलेली असते आणि संवाद तिथल्या तिथे उभ्या उभ्या करायचे, समोरचा काय बोलेल याचा नेम नाही. असल्या कामात चाळीस वर्षं काढलेला माणूस धडधडीला बरं म्हणतो तर आपण तिला घाबरून कसं चालेल.

म्हणून पहिली सूचना, स्वतःला "शांत हो, शांत हो" सांगू नका. होत नाही हो ते. पळती गाडी एकदम रिव्हर्सला टाकण्यासारखं आहे. त्यापेक्षा "मला जाम हुरूप आलाय" असं म्हणा, मोठ्याने. हसू नका, हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये हे प्रयोग छापलेत, लोकांना कॅरिओके गायला लावलं, भाषण द्यायला लावलं, गणितं घातली, आणि आधी "मी एक्सायटेड आहे" म्हणणाऱ्यांचं काम "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा बरं झालं. कारणही साधं आहे, भीतीत आणि हुरुपात छाती सारखीच धडधडते, फक्त नाव बदलायचं. घरच्यांना पण विनंती, निघताना पोराला "घाबरू नको हां" म्हणू नका, नसेल घाबरला तर घाबरेल.

आठवडाभर आधी: दमलेल्या छातीने सराव

बहुतेक लोक सराव कसा करतात, तर लोळून, मनातल्या मनात, हातात मोबाईल. आणि प्रत्यक्षात बोलायचं असतं ताठ बसून, मोठ्याने, अनोळखी माणसाच्या डोळ्यात बघून. मग जमणार कसं. सराव उभं राहून करा, आवाज काढून करा, त्या दिवशीचे कपडे आणि चपला घालून निदान एकदा तरी करा (नव्या चपला चावतात हे तिथे कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं).

गेल्या वर्षी माझ्या भाचीचा मुंबईत इंटरव्ह्यू होता, बोलायला हुशार पण छाती धडधडायला लागली की सगळं विसरते. बहिणीचं घर खाली व्हाळापासून, म्हणजे ओढ्यापासून, वर चढावर आहे, मधे जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी, चाळीसएक पायऱ्या असतील. मी काय केलं, तिला खाली पाठवायचं, धावत वर यायला लावायचं, आणि ती खळ्यात (अंगणात) पोचली रे पोचली की श्वास घ्यायच्या आत प्रश्न टाकायचा, "पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतेस?" पहिल्या दिवशी ती धापा टाकत म्हणाली, "मावशी, आत्ता तर मी फक्त पाण्याचा तांब्या बघतेय." चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र धापा टाकत टाकत नीट उत्तर देऊ लागली. यात जादू काही नाही, धडधडती छाती आणि बोलणारं तोंड दोन्ही एका वेळी चालू शकतात हे अंगाला एकदा कळावं लागतं, नुसतं सांगून कळत नाही. घाटी नसेल तर बिल्डिंगचा जिना आहे, नाहीतर जागेवर दोरीच्या उड्या मारा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी अर्थात हे करू नये.

पाठांतराबद्दल माझं मत पक्कं आहे: पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य घोकून पाठ, अगदी झोपेत उठवलं तरी म्हणता यावं असं, मधलं सगळं मुद्द्यांनी. सगळं भाषण पाठ करणारा माणूस एक शब्द सटकला की मालवणच्या धक्क्यावरून पाय घसरल्यासारखा जातो. पहिली दोन वाक्यं मात्र पाठ हवीतच, कारण पहिला एक मिनिट डोकं चालत नसतं, तेव्हा जिभेनेच गाडा ओढायचा असतो.

आणि दोन-तीन "असं झालं तर तसं" ठरवून ठेवा. प्रश्न कळला नाही तर "जरा परत सांगाल का?" म्हणेन. आवाज कापला तर थांबून एक घोट पाणी पिईन. उत्तर येत नसेल तर "हे मला माहीत नाही" म्हणेन आणि गप्प बसेन. हे वहीत लिहून ठेवलं की ऐनवेळी विचार करावा लागत नाही, हात आपोआप ग्लासाकडे जातो.

आदल्या दिवशी: स्वतःचं गाऱ्हाणं

आपल्याकडे कुठलंही मोठं काम असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. "बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडू मुंबयक इंटरव्ह्यूक चल्ला हा, तेच्या वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा" आणि मागून सगळे "व्हय म्हाराजा!" तुम्ही देव माना न माना, पण यात काय होतं बघा, जी जी भीती आहे ती मोठ्याने, एकेक करून, नाव घेऊन बोलून टाकली जाते आणि चार माणसं हो म्हणतात. मनात घोळत राहणारी गोष्ट बाहेर पडते. माझी आजी तर गाडी चुकू नये, डबा सांडू नये इथपर्यंत सगळं गाऱ्हाण्यात घालायची.

घरात गाऱ्हाणं घालणारं कुणी नसेल तर कागदावर घाला. दहा मिनिटं लावा आणि काय काय भीती वाटतेय ते सगळं लिहून काढा, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. शिकागो युनिव्हर्सिटीत रामिरेझ आणि बाइलॉक यांनी २०११ मध्ये परीक्षेच्या अगदी आधी मुलांना अशी दहा मिनिटं लिहायला लावली होती, आणि ज्यांना परीक्षेची जास्त धास्ती त्यांना त्याचा उपयोग झालेला दिसला. भाचीच्या कागदावर सतरा ओळी होत्या आणि त्यातल्या सहा "इंग्लिश" याच एका शब्दाबद्दल. मग आम्हाला कळलं की संध्याकाळ कशावर घालवायची. बाकीच्या ओळींपैकी "गाडी लेट झाली तर" याचा उपाय होता, "त्यांना मी आवडले नाही तर" याचा नव्हता, तो कागद चुलीत घातला.

आता प्रवास. याबाबतीत मी हट्टी आहे. काम मुंबई-पुण्याला असेल तर रात्रीची गाडी पकडून सकाळी थेट तिकडे, असं करू नका, एक रात्र आधी पोचा, कुणा मामा-काकाकडे लालबागला नाहीतर डोंबिवलीला पथारी टाका. पावसाळ्यात तर नक्कीच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल वेगळं असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि दरड आली की सगळंच बसलं. घाटात अडकून घड्याळ बघणाऱ्या माणसाला कुठलाही श्वासाचा प्रकार उपयोगी पडत नाही.

बॅग रात्रीच भरा, सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत, पेन दोन. जेवण रोजचंच. उद्या मोठा दिवस म्हणून आई प्रेमाने तिखटजाळ सुंगटाचं (कोळंबीचं) सुकं करते आणि मग रात्रभर जळजळ, तेव्हा ते आल्यावर खायचं. झोप लागली नाही तर तळमळू नका, एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने एवढं काही बिघडत नाही, "झोप नाही झाली आता माझं काय होणार" या विचाराने जास्त बिघडतं. डोळे मिटून पडून राहा.

त्या सकाळी

खा. भूक नसली तरी खा. मऊभात, उकड्या तांदळाची पेज, दोन घावणे, केळं, जे पोटाला रोजचं आहे ते. चहा-कॉफी रोज जेवढी तेवढीच. कॅफीन पाचेक तास अंगात निम्म्याने तरी उरतं आणि धडधड वाढवण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. पण रोज दोन कप पिणाऱ्याने त्याच दिवशी एकदम बंद करू नये, डोकं धरेल.

शेवटचा अर्धा तास नवीन काही वाचायचं नाही. फोन सायलेंट, कारण नेमकं त्याच वेळी गावच्या आत्येचा फोन येतो, "पोचलंस काय? आमच्या शेजारच्या झिलाक दोनदा रिजेक्ट केल्यानी हां थंय."

शेवटची पंधरा मिनिटं

इथे जरा तपशिलात जाते, कारण खरी पंचाईत इथे होते.

आधी पाय. अ‍ॅड्रेनलिन चालायला-पळायला आलेलं असतं, त्याला खुर्चीत कोंडून ठेवलं की ते हातात थरथर बनून बाहेर येतं. म्हणून पाच मिनिटं झपाझप चाला, कॉरिडॉरमध्ये, गेटपर्यंत, कुठेही. मग भिंतीला दोन्ही तळवे लावून जोरात ढकला, दहा मोजा, सोडा, तीनदा. बाथरूममध्ये केलं तर कुणी बघत पण नाही.

मग श्वास. लोक "दीर्घ श्वास घ्या" सांगतात ते अर्धंच आहे, घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना कमी होतात, म्हणून सोडणं लांबवायचं. नाकाने श्वास घ्या, भरला असं वाटलं की वर आणखी एक छोटा घोट घ्या हवेचा, आणि मग तोंडाने सावकाश सोडा, गरम चहावर फुंकर मारतो तशी, पण लांब, अगदी रिकामं होईपर्यंत. असं पाच-सहा वेळा पुरे. स्टॅनफर्डला २०२३ मध्ये याच प्रकारावर अभ्यास छापला गेला, रोज पाच मिनिटं महिनाभर करणाऱ्यांचा मूड, नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला. म्हणजे आठवडाभर आधीपासून रोज केलंत तर उत्तमच. घाईघाईने भराभरा मात्र करू नका, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात आणि चक्कर येते, आणि मग माणूस आणखीनच घाबरतो.

तोंडाची कोरड. याला माझ्याकडे घरगुती इलाज आहे तो म्हणजे आमसूल. नखाएवढा तुकडा जिभेखाली, दहा मिनिटं आधी, तोंडाला असं पाणी सुटतं की विचारू नका. आत जायच्या आधी टाकून द्यायचा आणि एक घोट पाणी प्यायचं, नाहीतर दात काळपट लाल घेऊन हसाल. माझ्या पर्समध्ये कायम डबी असते. अ‍ॅसिडिटीवाल्यांनी नुसतं जिभेचं टोक दातांनी हलकेच दाबावं, त्यानेही लाळ येते.

फारच धडधडत असेल तर गार पाण्याचे हबके तोंडावर, डोळ्यांभोवती आणि गालांवर. तोंडाला थंड पाणी लागलं की हृदयाची गती थोडी उतरते, पाण्यात बुडी मारणाऱ्या सगळ्या प्राण्यांमध्ये असते ही सोय, आपल्यातही आहे.

आवाज आधी वापरा. सकाळपासून कुणाशी बोललाच नसाल तर पहिलं वाक्य चिरकं निघणारच. वॉचमनला वेळ विचारा, शेजारच्या उमेदवाराला गाव विचारा, काहीही, पण गळ्यातून चार वाक्यं गेलेली असू द्या.

आणि हातात कागद धरायचा असेल तर सुटा कागद कधीही नको. माझ्या पहिल्या निवेदनाला मी वहीतला पातळ कागद फाडून नेला होता, माइकच्या इतक्या जवळ धरला की त्याची फडफड स्पीकरवरून सगळ्या मैदानात ऐकू जात होती, पुढच्या रांगेतलं एक पोर कान देऊन ऐकत होतं. तेव्हापासून पुठ्ठ्याचा पॅड. लग्नपत्रिकेच्या जाड कार्डाच्या मागे मुद्दे लिहिले तर तेही छान, हात कापला तरी कार्ड कापत नाही.

सुरू झाल्यावर

पहिली वीस-तीस सेकंदं सगळ्यात वाईट, मग उतार लागतो. त्यामुळे सुरुवात मुद्दाम हळू, आपल्याला फारच हळू वाटेल एवढी. ऐकणाऱ्याला ती नॉर्मल वाटते.

आपल्याला वाटतं आपली भीती सगळ्यांना दिसतेय, पण छातीतली धडधड कुणाला दिसत नाही. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये काही लोकांना भाषणाआधी एवढंच सांगितलं होतं की तुमची घाबरगुंडी बाहेर वाटते तेवढी दिसत नाही, आणि नुसतं हे कळल्याने त्यांचं भाषण सुधारलं. खात्री करायची तर सरावाचा व्हिडिओ काढून बघा, आतून भूकंप आणि व्हिडिओत साधा माणूस.

मधेच ब्लँक झालात तर शेवटचं बोललेलं वाक्य वेगळ्या शब्दांत परत म्हणा. दहापैकी आठ वेळा पुढचं त्यातूनच सापडतं. नाहीच सापडलं तर पाणी प्या. पाणी पिणाऱ्या माणसाला कुणी घाई करत नाही.

एवढ्याने भागत नसेल तर

कुणाकुणाला महिनोन्महिने हे छळतं, परीक्षाच सोडून देतात, ऑफिसात उठून बोलावं लागेल म्हणून प्रमोशन नको म्हणतात, किंवा एकदम श्वास कोंडून आता मरतो की काय असं होतं. त्यांनी आमसुलाच्या भरवशावर राहू नये, डॉक्टरला भेटावं, समुपदेशनाने यात चांगला फरक पडतो. सरकारची टेली मानस म्हणून मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. आणि मित्राने दिली म्हणून धडधड कमी करायची गोळी परस्पर घेऊ नका, प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या दम्याच्या माणसाला धोक्याच्या असतात, त्या डॉक्टरनेच द्यायच्या. "एक पेग मार, हिंमत येईल" सांगणाऱ्याला तर दारातूनच वाटेला लावा.

झाल्यावर

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. काम संपलं की अ‍ॅड्रेनलिन उतरतं आणि माणूस गळून जातो, भूक लागते, झोप येते, काहींना उगाच रडू येतं. त्या वेळी "मी तिथे असं का बोललो" हा हिशोब करायचा नाही, तेव्हा सगळंच वाईट दिसतं. दशावतारी बघा, खेळ संपला की आधी खोबरेल तेल लावून तोंडाचा रंग उतरवतात, चहा घेतात, मग कुठे कोण चुकला ते निघतं, आणि ते पण हसत. भाचीचा त्या दिवशी दुपारी फोन आला, मी श्वास रोखून बसलेली, तर म्हणते, "मावशी, मी आत्ता लागोपाठ तीन वडापाव खाल्ले." इंटरव्ह्यूचं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं.